एका चौकाचे सातशे फोटो: डेव्हिड हॉकनीचा ‘पेअरब्लॉसम हायवे’

लॉस एंजेलिसच्या उत्तरेचे सॅन गॅब्रिएल डोंगर ओलांडले की मोहावी वाळवंटाची पश्चिम कड लागते. या भागाला अँटिलोप व्हॅली म्हणतात. कॅलिफोर्नियाचा राज्य मार्ग १३८ इथून जातो आणि त्याच्या एका पट्ट्याचं नाव आहे पेअरब्लॉसम हायवे. मुद्दाम थांबून पाहावं असं तिथे काही नाही. नाकासमोर जाणारा डांबरी रस्ता, मधोमध पिवळी दुहेरी रेघ, दोन्ही अंगांना वाळू आणि खुरटी झुडपं, जोशुआ ट्री नावाची काटेरी, वेड्यावाकड्या फांद्यांची झाडं, लांबवर डोंगरांची रांग. पुढे चौक आहे म्हणून लावलेल्या पाट्या. गाड्यांतून भिरकावलेले डबे आणि बाटल्या.

एप्रिल १९८६ मध्ये डेव्हिड हॉकनी हा ब्रिटिश चित्रकार कॅमेरा घेऊन या जागी आला. ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकातल्या एका प्रवासलेखासाठी त्याला चित्र हवं होतं. त्यातून जे तयार झालं त्याच्या नावातच तारखा आहेत: ‘पेअरब्लॉसम हायवे, ११ ते १८ एप्रिल १९८६’. साध्या ३५ मिलिमीटर फिल्मवर काढलेले सातशेहून अधिक फोटो, त्यांच्या छापील प्रती, आणि त्या एकमेकींवर चढवून चिकटवलेलं एक मोठं कोलाज. त्याच्या दोन आवृत्त्या झाल्या. दुसरी मोठी, १८१.६ बाय २७१.८ सेंटिमीटरची, म्हणजे साधारण सहा फूट उंच आणि नऊ फूट रुंद. ती आज लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे.

फोटोग्राफीतले प्रयोग म्हटलं की हे चित्र हमखास दाखवलं जातं, आणि बहुतेक वेळा ‘तुकडे जोडून केलेला मोठा फोटो’ एवढ्यावर विषय संपतो. मला ते अपुरं वाटतं. तुकडे जोडणं हा या प्रयोगाचा सगळ्यात सोपा भाग आहे. तुकडे कुठे उभं राहून टिपले, यात त्याचं सगळं मर्म आहे. तेवढ्याचसाठी हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

हॉकनीची तक्रार

हॉकनीचा जन्म १९३७ चा, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला, १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला गेला आणि तिथल्या निळ्या जलतरण तलावांच्या चित्रांनी जगभर माहीत झाला. कॅमेरा त्याच्याकडे कायम असायचा, पण वहीसारखा. चित्र रंगवताना आठवायला उपयोगी पडावं म्हणून फोटो काढायचे, एवढंच त्याचं काम. मोठी खोली एका फोटोत बसवायला रुंद कोनाचं भिंग लावलं की भिंती कलायच्या, कडेच्या वस्तू ताणल्या जायच्या. खोली तशी दिसत नाही, हे त्याला खटकायचं. म्हणून १९७० च्या आसपास तो कधीमधी पाच-सहा फोटो शेजारी शेजारी चिकटवून काम भागवत असे. तेव्हा त्यात सिद्धान्त वगैरे काही नव्हता.

तक्रार पुढे खोल गेली. फोटोकडे फार वेळ पाहता येत नाही, असं तो म्हणू लागला. कारण त्यात वेळ नसतोच. हाताने काढलेल्या रेखाचित्रात काही तास साठलेले असतात. डोळा इकडून तिकडे गेला, हात थांबला, पुन्हा सुरू झाला, हे सगळं रेषेत उतरतं. फोटोचा वरचा डावा कोपरा आणि खालचा उजवा कोपरा मात्र सेकंदाच्या त्याच शंभराव्या भागात जन्मलेले असतात. एका डोळ्याच्या, लुळ्या पडलेल्या राक्षसासारखं क्षणभर जग पाहायचं असेल तर फोटोग्राफी ठीकच आहे, अशा अर्थाचं त्याचं वाक्य प्रसिद्ध आहे.

या तक्रारीच्या मागे पाच-सहा शतकांचा इतिहास आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्कीने तिथल्या बाप्तिस्म्याच्या इमारतीचं एक चित्र काढलं, त्याला भोक पाडलं, आणि पाहणाऱ्याला चित्राच्या मागून त्या भोकाला डोळा लावायला सांगितलं. समोर आरसा धरायचा. आरशात दिसणारं चित्र आणि खरी इमारत तंतोतंत जुळत. १४३५ मध्ये अल्बर्टी या विद्वानाने त्यामागची भूमिती लिहून काढली. एका बिंदूकडे धावणाऱ्या रेषांची ही पद्धत, म्हणजे दृष्टिक्रम (पर्स्पेक्टिव्ह), युरोपभर ‘खरं दिसणं’ म्हणून मान्य झाली. अट एकच होती: पाहणाऱ्याने एक डोळा मिटायचा आणि हलायचं नाही. कॅमेरा म्हणजे त्याच भोकाला काच बसवलेली. हॉकनीचं भांडण कॅमेऱ्याशी कमी आणि या अटीशी जास्त होतं.

अट मोडणारे त्याच्याआधीही झाले होते. पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकाच चित्रात एक वस्तू अनेक बाजूंनी दाखवली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९८० साली पिकासोचं प्रचंड प्रदर्शन भरलं होतं. हॉकनीने ते पाहिलं आणि त्याचा परिणाम त्याच्यावर पुढची कितीतरी वर्षं राहिला. आपल्याकडेही ही अट कुणी पाळलेली नव्हती. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो. एकदा महालात, एकदा वाटेवर, एकदा वनात. तिथे पाहणारा भिंतीच्या कडेने चालतो, असं गृहीत धरलेलं आहे. पण हे सगळं रंगाचं आणि हाताचं काम. यंत्राने काढलेल्या फोटोत ते आणायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

पोलरॉइडने लावलेली सवय

फेब्रुवारी १९८२ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्र या कलासंग्रहालयाचे अलँ सायाग हॉकनीच्या फोटोंचं प्रदर्शन ठरवण्यासाठी लॉस एंजेलिसला आले. निवडलेल्या फोटोंची नोंद ठेवायला पोलरॉइड, म्हणजे काढल्या काढल्या छापलेला फोटो बाहेर देणारा कॅमेरा, वापरला गेला, आणि ते गेल्यावर बरीचशी फिल्म हॉकनीच्या घरात उरली. त्या उरलेल्या फिल्मवर त्याने आपलं घर टिपायला घेतलं. २६ फेब्रुवारी १९८२ ही तारीख असलेलं त्याच्या मॉन्टकाम अव्हेन्यूच्या घराचं कोलाज या मालिकेच्या अगदी सुरुवातीचं. त्यानंतरच्या काही महिन्यांत त्याने असे १४० हून अधिक नमुने केले.

पोलरॉइडच्या चौकोनी फोटोला भोवती पांढरी पट्टी असते. ते ओळीने मांडले की आपोआप जाळी तयार होते, गज असलेल्या खिडकीतून पाहावं तशी. जाळी हे या कामांचं ओळखीचं रूप झालं, पण महत्त्वाची गोष्ट दुसरीच घडत होती. या कॅमेऱ्यात दूरचं जवळ आणायची सोय नव्हती. टेबलावरचा कप नीट हवा असेल तर कपापाशी जावं लागे. खिडकीबाहेरचं झाड हवं असेल तर खिडकीपर्यंत चालत जावं लागे. म्हणजे एका चित्रासाठी हॉकनी खोलीभर फिरत होता. प्रत्येक चौकोन वेगळ्या जागेवरून आणि वेगळ्या मिनिटाला काढलेला. शरीर हलल्याशिवाय चित्र पुढे सरकत नव्हतं.

मे १९८२ मध्ये लंडनला त्याने प्रसिद्ध ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँट आणि त्यांची पत्नी नोया यांचं असं कोलाज केलं. काढलेला प्रत्येक पोलरॉइड जमिनीवर ठेवायचा, तिथे तो हळूहळू उमटायचा, आणि ब्रँट दांपत्य आपलंच चित्र जमिनीवर तयार होताना पाहत बसलेलं. त्या पाहण्याचेच फोटो चित्रात आले. आयुष्य फोटोग्राफीत घालवलेला माणूस स्वतःचा फोटो तुकड्या-तुकड्याने जमताना खाली वाकून बघतो आहे, हे या संपूर्ण मालिकेतलं मला सर्वांत आवडणारं दृश्य.

पोलरॉइडची मर्यादाही लवकर दिसली. पांढऱ्या पट्टीमुळे तुकडे एकमेकांवर चढत नाहीत; मोकळं मैदान, दरी, रस्ता यात बसेना. त्याच वर्षी तो साध्या फिल्म कॅमेऱ्याकडे वळला. इथे काम उलट अवघड झालं. पोलरॉइडमध्ये समोर मांडून बघता येत होतं, काय राहिलं ते कळत होतं. फिल्मवर काढताना आधी काय काय टिपलं ते डोक्यात ठेवायचं, रोल धुवून यायची वाट पाहायची, आणि मग टेबलावर जुळणी करायची. काही राहून गेलं असेल तर पुन्हा त्या ठिकाणी जाणं बहुतेक वेळा शक्य नसे.

फेब्रुवारी १९८३ मध्ये जपानमध्ये, क्योतोच्या रिओआन-जी मंदिरात, त्याने केलेली दोन कामं शेजारी ठेवून पाहावीत. तिथल्या प्रसिद्ध बागेत रेखलेल्या खडीत पंधरा दगड आहेत आणि सज्जात कुठेही बसलं तरी एखादा दगड नजरेआड राहतोच. हॉकनीने एक काम बसून केलं. बाग आयताकृती आहे, पण बसल्या जागेवरून तुकडे काढल्यामुळे ती पलीकडे निमुळती होत गेली, नेहमीच्या फोटोत होते तशी. दुसरं काम चालत केलं. सज्जाच्या कडेने एकेक पाऊल सरकायचं आणि प्रत्येक ठिकाणाहून समोरचा पट्टा टिपायचा. चित्राच्या खालच्या कडेला मोजे घातलेली त्याची पावलं ओळीने आलेली दिसतात. आणि बाग आयताकृती राहिली! समोरची बाजू आणि मागची बाजू सारखीच लांब. नकाशात असावी तशी, तरीही खडीचा कण न् कण दिसणारी. फोटोतून निमुळतेपणा काढून टाकता येतो, हे त्याला तिथे स्वतःच्या पायांनी कळलं.

पेअरब्लॉसमच्या चौकात तो आला तेव्हा हे ज्ञान त्याच्याजवळ होतं. मध्यंतरी, १९८४ च्या सुमारास, चिनी गुंडाळीचित्रांचाही नाद लागला होता. तीही चालत पाहायची चित्रं: हाताने पुढे उलगडत न्यायचं, मागचं गुंडाळत यायचं.

चौकात

आता चित्राकडे. आधी लांबून. मधोमध रस्ता, तो क्षितिजाकडे निमुळता होत गेलेला, वर निळ्या आभाळाचा मोठा भाग. पहिल्या नजरेला अगदी शाळकरी दृष्टिक्रमाचं चित्र वाटतं. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला आपण काढलेला रस्ता तो हाच.

जवळ गेलं की गडबड सुरू होते. उजवीकडे लाल अष्टकोनी ‘स्टॉप’ची पाटी आहे. अशी पाटी खांबावर, माणसाच्या डोक्याच्या वर असते. रस्त्यावर उभं राहून वर पाहिलं तर ती थोडी कललेली, खालून पाहिलेली दिसायला हवी. चित्रात ती थेट समोरून दिसते, आपले डोळे बरोबर तिच्या मध्यावर. हॉकनीने शिडी लावली, पाटीच्या उंचीला चढला आणि तिथून ती टिपली. लांबून घेतलेल्या एखाद्या फोटोत तिचा लाल ठिपका आला असता. इथे तिच्यावरचा रंग, अक्षरांची कड, खांबाचा पत्रा हे सगळं हाताच्या अंतरावरचं आहे. एका छापाची कड दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, त्यामुळे पाटीची कड जरा दुमडल्यासारखी होते आणि नजर तिथे अडखळते.

रस्त्यावर पांढऱ्या रंगात ‘पुढे थांबा’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं रंगवलेली आहेत. महामार्गावरची अक्षरं प्रत्यक्षात लांबट रंगवतात, कारण चालक ती खालच्या कोनातून, लांबून वाचतो आणि त्याला ती आखूड भासतात. म्हणजे रस्ता रंगवणाऱ्या खात्याला एका जागी बसलेल्या डोळ्याची भूमिती चांगली पाठ आहे. हॉकनी त्या अक्षरांच्या थेट वर गेला आणि खाली पाहत ती टिपली. चालकाच्या डोळ्यासाठी ताणलेली अक्षरं, चालकाचा डोळा बाजूला ठेवून पाहिलेली. मला तरी या चित्रातला हा सर्वांत अचूक नेम वाटतो.

मग कडेचा कचरा. चित्राच्या खालच्या भागात वाळूत पडलेले बिअरचे आणि शीतपेयांचे डबे, बाटल्या. रस्त्यावरून पाहणाऱ्याला त्यांचे नुसते चमकणारे ठिपके दिसले असते. इथे प्रत्येक डबा वाकून टिपलेला आहे, त्याचा चेपलेला पत्रा आणि खाली पडलेली सावली दिसते. जोशुआ ट्रीचंही तेच. प्रत्येक झाड त्याच्यापाशी जाऊन, फांदीफांदीने.

आणि आभाळ. आभाळाजवळ जाता येत नाही. तिथे मात्र फोटो धुऊन छापणाऱ्या प्रयोगशाळेने नकळत मदत केली. तिथलं छपाईचं यंत्र प्रत्येक फोटोचा उजळपणा आपल्या हिशेबाने ठरवतं, त्यामुळे नुसत्या निळ्या आभाळाचे शेजारशेजारचे फोटो कधी गडद, कधी फिकट, कधी जांभळसर झाक असलेले येतात. व्यावसायिक छायाचित्रकार असे छाप परत पाठवील. हॉकनीने ते तसेच लावले. शेकडो आयतांचं ते आभाळ खालच्या कामापेक्षा वेगळंच आहे. त्यात वस्तू नाही, कड नाही. नजर मानेसकट वर वळून किती वेळा फिरली त्याची ती मोजदाद आहे.

एक हिशेब करून पाहा. समजा प्रत्येक फोटोला सेकंदाचा १२५ वा भाग लागला. सातशे फोटोंचा मिळून प्रकाश पडण्याचा वेळ साडेपाच सेकंदांच्या आसपास भरतो. आणि शीर्षकात तारखा आहेत आठ दिवसांच्या. फोटोंच्या मधला बाकी सगळा वेळ, म्हणजे शिडी उचलणं, चालणं, वाकणं, ऊन सरकायची वाट पाहणं, हा चित्रात कुठेच दिसत नाही. पण सांधा दिसला की त्याची जाणीव होते. दोन छापांच्या कडा जुळत नाहीत तिथे माणूस हललेला असतो. त्या कडा संगणकाने पुसल्या असत्या तर हे चित्र उरलंच नसतं.

दोघांची नजर

हॉकनीने या चित्राबद्दल स्वतः सांगितलेली एक गोष्ट फार उपयोगाची आहे. चित्र काढण्याआधी तो त्या भागात काही दिवस गाडीने हिंडत होता, कधी स्वतः चालवत, कधी शेजारी बसून. त्याच्या लक्षात आलं की चालवणारा आणि शेजारी बसणारा, दोघं एकच रस्ता वेगवेगळा पाहतात. चालवणाऱ्याला पाट्या वाचाव्याच लागतात. शेजारच्याला तसं बंधन नाही. त्याने झाडाकडे पाहावं, कचऱ्याकडे पाहावं, वाटलं तर पाहूच नये. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने धावते, म्हणून पाट्या उजवीकडे. चित्राची उजवी बाजू त्यामुळे चालकाची: थांबा, पुढे थांबा, मार्ग १३८, हायवेचं नाव. एकामागून एक हुकूम. डावी बाजू शेजारच्याची: संथ, मोकळी, वाळू आणि झुडपांची. गाडी चित्रात कुठेच नाही, पण हे चित्र गाडीतून जाण्याचं आहे, असं तो म्हणतो.

हे कळल्यावर चित्र पुन्हा पाहिलं की खरोखरच दोन गती जाणवतात. उजवीकडे डोळा पाटीवरून पाटीवर उड्या मारतो. डावीकडे रेंगाळतो. एका चित्रात दोन माणसांचं पाहणं मांडायला हॉकनीने ना बाण काढले, ना मजकूर लिहिला. काय जवळून टिपायचं एवढ्याच निवडीतून ते झालं. हा प्रयोग मला मोठा वाटतो तो इथे. दृष्टिक्रम मोडणं ही तांत्रिक कामगिरी झाली. पाहणं हे पाहणाऱ्याच्या कामावर, जबाबदारीवर, मोकळिकीवर ठरतं, हे फोटोतून दाखवणं ही त्यापलीकडची गोष्ट.

घेतले जाणारे आक्षेप

पहिला आक्षेप असा की दृष्टिक्रम मोडला कुठे? रस्ता तर निमुळता होतोच आहे. आक्षेपात तथ्य आहे. रिओआन-जीच्या बागेत निमुळतेपणा पुरता गेला होता, इथे तो हॉकनीने हातांनी रचून पुन्हा आणला. माझ्या मते मुद्दामच. रस्त्याचा त्रिकोण नसता तर आपल्याला अंतराची अपेक्षाच राहिली नसती, आणि दूर असायला हवी ती पाटी अंगावर आली तरी धक्का बसला नसता. लांबून पाहताना चित्र जुना नियम पाळतं, जवळ गेल्यावर तो एकेका वस्तूपाशी तुटतो. ओढाताण हवी असेल तर दोन्ही टोकं धरायला हवीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ही युक्ती फार लवकर शैली झाली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून जाहिराती, मासिकांची मुखपृष्ठं, गाण्यांच्या तबकड्यांची वेष्टनं यांवर तुकड्यांच्या फोटोंचं पीक आलं. आता फोनवर बोट ठेवलं की एका फोटोचे बारा चौकोन होतात. दिसायला हॉकनीसारखंच, आत काही नाही. याचा दोष मूळ कामाला द्यायचा का? मला तसं वाटत नाही, पण फरक दाखवून देता आला पाहिजे.

तो फरक मला वर्गात दिसतो. चित्रकलेच्या मुलांना मी हा पाठ देतो तेव्हा जागा ठरलेली असते, कॉलेजच्या कोपऱ्यावरचं रसवंतीगृह. मुलं पहिल्यांदा काय करतात? समोरच्या फुटपाथवर उभी राहतात आणि फोन इकडे तिकडे फिरवत फोटो काढतात. छापून चिकटवलं की फुटलेल्या आरशासारखं दिसतं. तुकडे भरपूर, पण पाहणारा एकाच जागी खिळलेला. मग त्यांना रस्ता ओलांडायला लावतो. चरकापाशी गेल्यावर त्यांना दात्यांवरचं ओशट काळं दिसतं, घुंगरांच्या माळेतला एक घुंगरू तुटलेला दिसतो, ओल्या फळीवर पेल्यांच्या तळाची वर्तुळं दिसतात. एक मुलगी चिपाडांच्या ढिगापाशी उकिडवी बसली तेव्हा मालकाने विचारलं, “काय गं पोरी, काही हरवलं का?” त्या दिवशीच्या तिच्या कोलाजमध्ये चरक दुकानाच्या पाटीपेक्षा मोठा आला आणि रस पिणारी माणसं फक्त हातांपुरती आली. तहान लागलेल्या माणसाला रसवंती तशीच दिसते. तिला हॉकनीचं नावही तोवर माहीत नव्हतं. सगळ्यांना जमतं असं अजिबात नाही. काही जण जवळ जाऊनही नेमकं मघाचंच टिपून आणतात.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून नाही, मर्यादा म्हणून सांगायला हवी. पेअरब्लॉसममध्ये एकही माणूस नाही. हॉकनीच्या आधीच्या कोलाजांत माणसं भरपूर होती. १ जानेवारी १९८३ च्या, स्क्रॅबल या अक्षरं जुळवून शब्द करायच्या खेळाच्या कोलाजमध्ये त्याची आई खेळता खेळता विचार करते, हसते, अक्षरं मांडते, आणि तिच्या चेहऱ्याचे अनेक क्षण शेजारी शेजारी येतात. माणूस समोर असला की वेळ लगेच वाचता येतो, कारण भाव बदलतो. पाटी आणि डबे आठ दिवसांत बदलत नाहीत. त्यामुळे इथे सगळा भार जागेवर आला आणि वेळ सांध्यांत लपला. घाईने पाहणाऱ्याच्या हातून तो निसटतो. म्हणून पुस्तकातल्या वितभर पुनर्मुद्रणात हे चित्र जवळजवळ निकामी होतं. तिथे फक्त रस्त्याचा त्रिकोण आणि निळं आभाळ उरतं. सहा फूट उंचीचं कारण भव्यता नव्हे. पाहणाऱ्यालाही जवळ जावं, मागे यावं, खाली वाकावं लागेल एवढा आकार हवा होता.

नंतर

पेअरब्लॉसमनंतर हॉकनीने फोटोंची अशी मोठी कोलाजं जवळजवळ थांबवली. त्याच वर्षी तो कार्यालयांतल्या प्रती काढायच्या यंत्रावर छापचित्रं करू लागला. १९८८ मध्ये सतराव्या शतकातल्या एका चिनी गुंडाळीचित्रावर माहितीपट झाला, त्यात तो स्वतः ते चित्र उलगडत बोलतो. २००१ मध्ये त्याने जुन्या युरोपीय चित्रकारांनी भिंगं आणि आरसे वापरले असावेत, असा दावा मांडला आणि कलेतिहासकारांशी मोठा वाद ओढवून घेतला. प्रश्न तोच होता, एका डोळ्याची भूमिती आपल्या मानेवर कुठून बसली.

फोटोकडे तो परतला २०१० मध्ये, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या वोल्डगेट नावाच्या जंगलवाटेवर. गाडीवर नऊ व्हिडिओ कॅमेरे तीनच्या तीन ओळींत बसवले, प्रत्येकाचा कोन जरा वेगळा, आणि गाडी संथपणे झाडांमधून नेली. चारही ऋतूंत हेच केलं. प्रत्येक ऋतूचे नऊ पडदे, असे छत्तीस पडदे एका दालनात चार भिंतींवर लागतात. शेजारच्या दोन पडद्यांत फांदी जुळत नाही, आणि नजर कुठे ठेवायची हे पाहणाऱ्याला ठरवावं लागतं.

पुष्कळ समीक्षक या कामाला पेअरब्लॉसमची पुढची पायरी मानतात. मी मानत नाही. वोल्डगेटचे कॅमेरे एका वेळी सुरू होतात, एका वेळी थांबतात, आणि नऊही जण एकाच गाडीला बांधलेले आहेत. जागा नऊ, पण वेळ एकच, आणि कुणीही उतरून झाडापाशी जात नाही. हिवाळ्याच्या पडद्यांवरचा बर्फ डोळ्यांत भरतो, मी त्यावर फिदा आहे. पण ती गाडीत बसून पाहिलेली वाट आहे. १९८६ मध्ये हॉकनी गाडीतून उतरला होता, शिडी घेऊन.